उजवा तांडेलाचा, डावा डॉक्टरांचा

सन एकोणीसशे बत्तीस साली, वैशाखाचे अखेरीस, वेळणेश्वराकडून निघालेला हंगामातील शेवटचा मचवा मिरकरवाड्याच्या किनाऱ्यास लागला, तेव्हा त्यातून भागोजी तांडेलाची एकुलती एक कन्या मालन आपल्या सासूसमवेत उतरली. पहिलटकरणीने बाळंतपणास माहेरी यावे ही रीत सर्वत्रच आहे. परंतु पावसाळ्यात खाड्या फुगतात, समुद्रमार्ग बंद होतो, म्हणून आमच्या किनाऱ्यावरील मुलींना सातव्या महिन्याची वाट पाहता येत नाही. मालनचा सहावा सरत आला होता.

भागोजी हा पन्नाशीच्या घरातील गृहस्थ. सात खलाशांच्या होडीचा तो तांडेल, म्हणजे समुद्रावरचा धनी होता. वाऱ्यावर मात करून हुकूम सोडण्याची सवय जडल्यामुळे तो घरात मीठ मागे, तेही शेजारच्या तीन घरांस ऐकू जाई. विद्या मराठी तिसरीपर्यंतची. पण होडीच्या लाकडाची नाडी त्याच्याइतकी कोणासच कळत नसे, असा त्याचा लौकिक होता. त्याची पत्नी सगुणा मितभाषी आणि हसऱ्या डोळ्यांची होती. तिचे एकच दुःख होते आणि ते ती लुगड्याच्या पदराखाली झाकून ठेवी. गेली दोन वर्षे तिच्या दोन्ही हातांस इसब झाला होता. बोटांच्या बेचक्या आणि मनगटे लाल होत, खाजत, थंडीत चिरत आणि पावसाळ्यात पाझरत. मासळी साफ करणे, खारवणे आणि राखेने भांडी घासणे, ह्यांपैकी एकही काम त्या हातांस चुकत नव्हते.

विहिणीपुढे गूळपाणी ठेवताना पदर सरला आणि झाकलेले ते उघडे पडले.

"ह्या काय गो विहिनबाय?" मालनच्या सासूने, येसूबाईने, तांब्या घेण्यास पुढे केलेला हात मागे घेतला. "हातांस काय झाला तुमच्या?"

"इसब हाय. जुनाच हाय." सगुणा म्हणाली.

येसूबाई दुष्ट नव्हती. परंतु तिची स्वतःची दोन मुले पाचवी पुजण्यापूर्वीच गेली होती आणि त्या भयाने तिची जीभ कायमची धारदार झाली होती. ती म्हणाली, "माज्या सुनेस मी तुमच्याकडं ठेवतंय ती विश्वासान ठेवतंय. पण सांगतंय स्पष्ट. असल्या हातांनी माज्या नातवंडास न्हाव घालायचा नाय. बाळास शिवायचासुद्धा नाय. नारळी पुनवेनंतर मचवे सुटले की मी येतंय. तवर हात बरा झाला तर तुमचा मान तुमास. नायतर न्हाव मी घालीन."

आमच्याकडे लेकीच्या पहिल्या बाळास न्हाऊ घालण्याचा मान आजीचा, आणि तोही आईच्या आईचा असतो. पायांवर बाळ घेऊन, कोमट पाण्याने न्हाऊ घालून, तेलाने अंग रगडून ते पोर हाती धरणे, ह्या सुखासाठी बायका वर्षानुवर्षे मनात मांडे खातात.  सगुणेने पदर पुन्हा हातांवर ओढला. ते ओढणे भागोजीने पाहिले आणि वीस वाव खोल पाण्याखालचा खडक गळाला लागावा तसे काहीतरी त्याच्या काळजात अडकले.

दुसऱ्याच दिवशी तो तिला घेऊन डॉक्टर आगाशे ह्यांच्या दवाखान्यात गेला. डॉक्टर मुंबईस शिकून आलेले, तरुण आणि शांत स्वभावाचे होते. त्यांनी सगुणेचे हात उजेडात उलटसुलट करून पाहिले.

"इसब स्पर्शाने लागत नाही, हे प्रथम ध्यानात घ्या," ते म्हणाले. "चिऱ्याच्या भिंतीचा गिलावा झडावा, तशी ही कातडी झाली आहे. गिलावा नसला म्हणजे फटींतून जंतू शिरतात. डोळ्यांस न दिसणारे असे जीव आहेत ते. त्यांनी घर केले म्हणजे पू होतो. तेव्हा साबण बंद, राख बंद, खारे पाणी बंद. उकळून निवविलेल्या पाण्याने हात हलकेच धुवावे, टिपावे आणि हे जस्ताचे पांढरे मलम लावून वर सुती चिंधी बांधावी. तीन महिने धीर धरावा लागेल."

ह्या सर्व भाषणातून भागोजीच्या कानात एकच शब्द राहिला, आणि तो म्हणजे जंतू. परतीच्या वाटेवर तो विचारात गढून गेला होता. घरी येताच त्याने आपला सिद्धांत मांडला.

"सगुणे, लाकूड खाणारा किडा तू बघितलास ना? वरून फळी कशी गुळगुळीत, आत चाळण. त्या किड्यास मी काय मलम लावतंय? होडी ओढतंय वर, खरवडतंय, खालून झावळांचा जाळ देतंय, मग मुशीच्या तेलात चुना कालवून जाड लेप देतंय. एक किडा जित्ता ऱ्हात नाय! डॉक्टर शिकलेला हाय, पण किड्यांशी लढाई त्यान कदी केली? ह्या पांढऱ्या लोण्यान जंतू मरायचा नाय, जाडा होयाचा!"

"मी काय होडी हाय?" सगुणेने विचारले.

"होडीपरीस जास्ती हायस. म्हणून तर सांगतंय."

आता पुरुषमाणूस असे बोलला म्हणजे त्याला नाही तरी कसे म्हणावे? सगुणेने डॉक्टरांच्या मलमाची डबी पाहिली, नवऱ्याचा उत्साहाने फुललेला चेहरा पाहिला आणि एक तोड काढली. "दोघांचाही मान ऱ्हाव दे. उजवा तुमचा, डावा डॉक्टरांचा. ज्याचा हात आदी बरा होईल, त्याचा औषध दोनी हातांस."

भागोजीला ही वाटणी फारच न्याय्य वाटली. कामाचा हात आपल्या वाट्यास आला, ह्याचा त्याला मनोमन अभिमानही वाटला.

त्या दिवसापासून तांडेलाने पत्नीच्या उजव्या हाताची डागडुजी आरंभिली. होड्या किनाऱ्यावर ओढून झावळांनी शाकारलेल्या असल्याकारणाने त्यास दुसरे काम नव्हते. प्रातःकाळी ऊन पाण्यात तो हात बुडवावा, औषधी लाल साबण लावून नारळाच्या सोडणाने खरवडावा, कडुनिंबाच्या पाल्याची धुरी द्यावी आणि शेवटी मुशी माशाच्या तेलात भिजवलेला चुना कालवून लेप द्यावा, असा त्याचा क्रम होता. डाव्या हाताकडे तो ढुंकूनही पाहत नसे. तो डॉक्टरांचा प्रांत होता. सगुणा तो हात स्वतःच धुई आणि मालन त्याला मलम लावी.

"आये, दुखता काय गो?" मालन विचारी.

"नाय गो. बापूस किती निगुतीन करता, बघ."

आणि खरोखरच तो निगुतीने करी. लेप देताना तोंडातून फुंकर घाली. बोटांच्या बेचक्यांत चुना नीट पोहोचावा म्हणून होडीच्या फटी भरावयाची लहान काठी त्याने कापूस गुंडाळून मुद्दाम मऊ केली होती. पहिले आठ दिवस हात कोरडा ठणठणीत दिसला. खाजही थांबल्यासारखी झाली. भागोजीने किनाऱ्यावर बसून चार लोकांत आपल्या विद्येचा डंका पिटला. परंतु तिसऱ्या आठवड्यात कातडी ताडपत्रीसारखी ताठ झाली आणि मग फुटली. फुटलेल्या जागी पिवळे पाणी दिसू लागले. भागोजीने मनाशी म्हटले, किडा चिवट आहे. आणि सोडण दोनदा फिरवू लागला.

एके सकाळी मालन पुढे आली आणि तिने घंगाळ उचलून अंगणात ओतून दिले.

"बाबा, पुरे झाला! ती दाराची चौकट डाव्या हातान धरून बसता ती कशास, ठाव हाय? कळ सोसना म्हणून! तुमी खाली मान घालून खरवडता, तिच्या तोंडाकडं कदी बघितलात?"

भागोजीने तेव्हा प्रथमच मान वर केली. सगुणेच्या वरच्या ओठावर घामाचे थेंब उभे होते. ती नेहमीप्रमाणे हसली, पण त्या हसण्यास उशीर झाला होता. सात माणसांना तुफानातून परत आणणाऱ्या त्या मनुष्याच्या हातून सोडण गळून पडले.

"तू बोलली का नायस?" तो म्हणाला, आणि त्याच्या आयुष्यात प्रथमच ते शब्द शेजारच्या घरात ऐकू गेले नसतील.

"तुमी सकाळपास्ना माज्या हातासाठी बसता," सगुणा म्हणाली. "बावीस वर्सात इतका वेळ माजा हात कोणी धरला नव्हता. म्हटला, बरा तरी होईल, नाय झाला तरी काय."

भरपावसात, डोक्यावर इरले घेऊन तो तिला दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टरांनी दोन्ही हात शेजारी शेजारी ठेवून पाहिले आणि ते बुचकळ्यात पडले. डाव्याची लाली ओसरून कातडी मऊ पडू लागली होती. उजवा सुजून पुवाने भरला होता. "एकाच माणसाचे हे दोन हात कसे?" त्यांनी विचारले. तेव्हा भागोजीने खाली मान घालून सर्व वृत्तांत, खरवडण्यापासून चुन्यापर्यंत, एकही गोष्ट न लपविता सांगितला.

डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी दोन्ही हातांवरील ओल वेगवेगळ्या काचेवर घेतली, तिला रंग दिला आणि खिडकीजवळच्या सूक्ष्मदर्शक यंत्राखाली एकामागून एक काच ठेवून म्हणाले, "तांडेल, इकडे या. एक डोळा मिटा. ही डाव्याची काच."

भागोजीस बराच वेळ धुकेच दिसले. मग एकाएकी नजर ठरली. रिकाम्या उजेडात कोठे दोन, कोठे चार असे जांभळे ठिपके विखुरले होते.

"आता उजव्याची."

भागोजी दचकून मागे सरला आणि पुन्हा वाकला. "अरे देवा! ही तर गाभोळी!" माशाच्या पोटातील अंड्यांच्या गाभोळीप्रमाणे गोल ठिपक्यांचे घोसच्या घोस तेथे दाटले होते. "डॉक्टरसाहेब, असा कसा? मी तर रोज मारत होतो. त्या हातावर एक जित्ता ऱ्हायला नको होता."

"तुम्ही मारलेत हे खरेच आहे," डॉक्टर म्हणाले. "पण कोणाला मारलेत? निरोगी कातडीवरही जंतू असतात, भागोजी. तुमच्या, माझ्या, तान्ह्या मुलाच्या गालावरसुद्धा. ते तेथले जुने रहिवासी. त्यांचा सहसा उपद्रव नाही; उलट ते जागा धरून बसतात म्हणून उपटसुंभांस शिरकाव मिळत नाही, असे मला वाटते. विरजण चांगले लागले म्हणजे दूध सहसा नासत नाही, त्यातलाच हा प्रकार. तुम्ही खरवडून गिलावा पाडलात, चुन्याने आणि साबणाने सज्जन-दुर्जन सगळे हाकललेत. मग उघड्या, ओल्या जागेत जो दांडगा आधी पोहोचला, त्याचे राज्य झाले. शास्त्रालाही ह्यातले सगळे अजून कळलेले नाही. पण हे दोन हात मला पुष्कळ शिकवून गेले. असा प्रयोग करा म्हणून कोणाला सांगण्याचे धैर्य मला झाले नसते."

भागोजीला ते तत्काळ उमगले; कारण बंदराची भाषा त्यास येत होती. "म्हंजे आमच्याच होड्या मी बंदरातून हाकलल्या, नि चोरांस नांगर टाकायला जागा करून दिली."

"अगदी असेच."

डॉक्टरांनी उजव्या हातावर पू मारणारे जांभळे औषध लाविले. हात मनगटापर्यंत पिकल्या जांभळासारखा दिसू लागला. "हे नेमके पुवाच्या जागी, आणि मी सांगेन तितकेच दिवस," त्यांनी बजावले. "पू गेला की हेही बंद. मग मलम आणि कोकमतेल. तुमच्या घरचे कोकमतेल कातडीस फार चांगले आहे. आणि हात पाण्यात, मिठात, राखेत मुळीच घालावयाचे नाहीत."

"मग घरचा काम कोण करील?" सगुणेने विचारले.

 डॉक्टरांनी भागोजीकडे पाहिले.

आणि मग मिरकरवाड्याने कधी न पाहिलेले दृश्य पाहिले. तांडेल भागोजी परसात उकिडवा बसून राखेने भांडी घासू लागला. बांगड्याचे पोट फाडून तो स्वतः धुवी आणि स्वतःच कालवण शिजवी. कोकमाच्या वाळलेल्या बिया कुटून, पाण्यात उकळून, वर तरंगणारे तेल काढून त्याने त्याचे मुठीने वळलेले गोळे केले. किनाऱ्यावरील लोकांनी अर्थातच संधी सोडली नाही. त्याच्याच होडीवरचा खलाशी बाबल्या कुंपणावरून वाकून म्हणाला, "तांडेलानू, भांडी जाली की आमच्याकडंपण येवा हां! आमच्या बायकोचापण हात दुकता!"

"तुज्या बायकोचा हात कसा दुकता ता ठाव हाय मला," भागोजी गरजला. "तुला थापटून दुकता!"

परसातील हशा ओसरला, तरी भांड्याचा आवाज चालूच राहिला.

दररोज प्रातःकाळी तो पत्नीचा हात पूर्वीप्रमाणेच मांडीवर घेऊन बसे; परंतु आता त्याची नजर हातावर थोडी आणि तिच्या मुखाकडे फार असे. जरा भुवई आकसली की त्याचे बोट थांबे. पू आटला, सूज उतरली. श्रावणात डाव्या हातावर नवी, गव्हाळ, नितळ कातडी आली. उजवाही सुधारला, मात्र अंगठा आणि तर्जनी ह्यांमधील बेचकी, जेथे तांडेलाची काठी सर्वांत निष्ठेने फिरली होती, काही केल्या मिटेना.

नारळी पौर्णिमा झाली, दर्यास नारळ अर्पण झाले, आणि भाद्रपदाच्या आरंभी येसूबाई आली. ती आल्याच्या तिसऱ्या दिवशी दुपारी मालन प्रसूत झाली. मुलगी झाली. सुईणीने नाळ कापून बाळास पुसून दिले, आणि दुसऱ्या दिवशी न्हाऊ घालण्याचा प्रसंग आला.

डॉक्टर आदल्या संध्याकाळी येऊन हात पाहून गेले होते. त्यांनी स्पष्ट सांगितले होते, "डावा हात पूर्ण निर्दोष आहे. खुशाल बाळास घ्या. उजव्याची बेचकी अजून ओली आहे, म्हणून तिला पुन्हा औषध लावले आहे. बाळाची नाळ पडेपर्यंत त्या हाताचा स्पर्श नको. मोठ्या माणसास जे जंतू नुसती खाज आणतात, ते तान्ह्यास झेपणार नाहीत."

न्हाणीत पाट मांडला होता, पाणी कोमट झाले होते. सगुणेने आपले दोन्ही हात विहिणीपुढे धरले. आता ती काहीही झाकीत नव्हती.

"बघा विहिनबाय. डावा बरा हाय. उजवा नाय. मी लबाडी करायची नाय. तुमी न्हाव घाला, मी बाजूस बसून बघतंय."

येसूबाईने तो जांभळा अंगठा पाहिला, तो नितळ डावा तळवा पाहिला. मग तिने आपले बोट त्या तळव्यावर फिरविले, जसे एखादी जाणती बाई कापडाचा पोत पाहते. भागोजी दाराबाहेर उभा होता. सगुणेचा तो शांत आवाज ऐकून त्यास राहवेना. ज्या हातासाठी ह्या बाईने एवढे सोसले, तो माझ्यामुळे निकामी झाला. मग त्याच्या जागी दुसरा हात देणे कोणाचे काम? तो तडक आत आला.

"विहिनबाय, डाव्या हातान ती धरील. उजवा हात मी."

येसूबाई आ वासून पाहतच राहिली. "तुमी? बापयमाणूस न्हाव घालणार? तांडेल, पोर हाय ती! पापलेट नव्हे!"

"पापलेटास मी इतक्या हळू कदी धरला नाय." भागोजी म्हणाला. त्याने नखे कापून आणली होती, हात उकळलेल्या पाण्याने धुतले होते आणि तळव्यांस कोकमतेल चोळले होते. "मी खरवडायचा नाय. शप्पत."

मालन आतल्या खोलीतून अंथरुणावरूनच ओरडली, "सासूबाय, घालू दे त्यांस! तीन म्हयने शिकलेत ते!"

 येसूबाईच्या मनात कोणते जुने पाळणे हलले असतील ते तिचे तिला ठाऊक. मग तिने पदर खोचला, तांब्या उचलला आणि म्हणाली, "बसा तर समोर. पाणी मी ओततंय. निदान ता तरी धड होव दे."

सगुणा पाय लांब करून पाटावर बसली. सुईणीने बाळ तिच्या पायांवर ठेवले. तिने उजवा हात पाठीमागे धरला आणि डाव्या हाताचा तळवा त्या चिमुकल्या डोक्याखाली सारला. ते डोके तेथे अगदी नारळाच्या वाटीत खोबरे बसावे तसे बसले. कोमट पाण्याची धार पडताच पोरीने जो टाहो फोडला, तो ऐकून भागोजीचा हात हवेतच थबकला. एवढा आवाज आपल्याच घराण्यातला, ह्याविषयी कोणास शंका उरली नाही.

"थांबता कशास?" सगुणा म्हणाली. "मान सोडा, मान माजी. पोट धुवा. हळू. नाळेस पाणी नको. असा. आता काखेत. बोटान नको, तळव्यान. अवो, फुंकर कसली घालता, ती काय चुलीवर हाय?"

"बरा, बरा," तांडेल म्हणाला.

"आता पालथी करूया. मी डोका धरलंय. तुमी पाठ धरा, पाठ!"

आणि ज्याच्या हुकुमावाचून सात खलाशी शिडाची दोरीही सोडीत नसत, त्या भागोजीने पाठ धरली.